दिवसाढवळ्या दिवा : पावसाळा आणि सायकल

सायकलला दिवा केव्हा लावायचा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घड्याळानं ठरवलं. दिवेलागण झाली की लावायचा. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे एके काळी पुण्यातल्या पोलिसांचे दोन आवडते गुन्हे होते, आणि चाकातली हवा सोडण्याची शिक्षा जागच्या जागी होई, हे जुन्या पुणेकरांना सांगायला नको. त्या नियमामागची समजूत अशी की सायकल दिसेनाशी होते ती रात्र पडल्यामुळे. ही समजूत साहेबाकडून आली. त्याच्या मुलखात डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. कामावरून घरी परतायची वेळ, भिजका रस्ता आणि अंधार या तिन्ही गोष्टी तिथे हातात हात घालून येतात, त्यामुळे अंधाराची सोय केली की पावसाचीही आपोआप होते. आपलं पंचांग वेगळं आहे. वर्षातला सर्वांत मोठा दिवस 21 जूनचा, म्हणजे मोसमी पाऊस महाराष्ट्रात नुकताच स्थिरावत असतानाचा. जून-जुलैत मुंबई-पुण्याकडे सूर्य सातच्या पुढे मावळतो. म्हणजे आपल्याकडची पावसातली बरीचशी सायकल उजेडात चालते, फक्त तो उजेड कामाचा नसतो. पहाटे निघणारे दूधवाले आणि पेपरवाले सोडले, तर सकाळच्या पाळीचा कामगार, शाळेतली मुलं, दुपारी सुटणारा कॉलेजचा घोळका, संध्याकाळी परतणारा वॉचमन या साऱ्यांना घड्याळाच्या नियमाप्रमाणे दिव्याची गरजच नाही. माझं म्हणणं असं की पावसाळ्यात सायकलचा मागचा लाल दिवा दिवसाही चालू असला पाहिजे. आणि हे एकदा मान्य केलं की दिवा कोणता घ्यावा, कुठे लावावा, त्याची परीक्षा कशी व्हावी, या सगळ्याच प्रश्नांची उत्तरं रात्रीच्या हिशेबानं दिलेल्या उत्तरांपेक्षा बरीच निराळी येतात.

आधी पाऊस प्रकाशाचं काय करतो ते पाहू. सर्वसाधारण कल्पना अशी की पाऊस प्रकाश गिळतो, म्हणून पावसात जास्त प्रखर दिवा हवा. सायकलच्या दिव्याचं काम ज्या पन्नासेक मीटरच्या टप्प्यात चालतं, त्यात हवेतून पडणाऱ्या थेंबांमुळे होणारी घट फार मोठी नसते. खरं नुकसान दोन्ही टोकांना होतं: रस्त्याच्या पृष्ठभागावर आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढच्या काचेवर. कोरडं डांबर खडबडीत असतं, त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यातला काही चालकाच्या डोळ्याकडे परत येतो. त्यावर पाण्याचा थर बसला की वरचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि दिव्याचा झोत पुढच्या पुढे निघून जातो. थराखाली जो प्रकाश पोचतो त्यातलाही बराचसा बाहेर पडताना पाण्याच्या पृष्ठभागावरून पुन्हा आत वळतो आणि डांबरात जिरतो. ओली माती, ओला कपडा, ओला रस्ता हे सगळं काळपट दिसतं त्याचं हे स्पष्टीकरण स्वीडनच्या अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी 1925 मध्ये मांडलं होतं. परिणाम असा की सायकलस्वाराला स्वतःच्या दिव्यानं रस्ता दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र त्याच दिव्याची लांबलचक चकाकी जाते. हजार ल्युमेनचा दिवा आणून या गणितात फरक पडत नाही. दोन्ही बाजू त्याच प्रमाणात वाढतात. पाण्यानं भरलेला खड्डा तर कोणत्याच दिव्याला तळ दाखवत नाही. कोरड्या रस्त्यावर खाली लावलेला दिवा खड्ड्याच्या कडेची सावली पाडून त्याची चाहूल देतो, पाणी ती कडाच झाकून टाकतं. तिथे उपाय एकच, वेग कमी करणं, आणि तो दिवे विकणाऱ्यांच्या दुकानात मिळत नाही.

थेंबांवरून उलट डोळ्यांत येणारा प्रकाश हा दुसरा त्रास. दिवा आणि डोळा जितके जवळ, तितका हा पांढरा पडदा दाट. हेल्मेटवर लावलेला दिवा डोंगरवाटेवर कोरड्या रात्री उत्तम, पण पावसात तो सर्वांत वाईट, कारण त्यानं उजळलेला प्रत्येक थेंब थेट नजरेच्या रेषेत येतो. मोटारींचे धुक्यातले दिवे खाली बसवतात ते याच कारणानं. सायकलवर पुढचा दिवा हँडलऐवजी फोर्कच्या डोक्यावर, म्हणजे पुढच्या मडगार्डच्या लगत वर असला तर हा त्रास बराच उतरतो. पिवळा प्रकाश पाऊस कापत जातो अशीही एक जुनी समजूत आहे. फ्रान्सनं 1936 पासून 1993 पर्यंत मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे ठेवले होते. त्यानं डोळे कमी दिपत असतील, तो वेगळा मुद्दा. पण पावसाचा थेंब अर्ध्या मिलिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंतचा, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हजारो पट मोठा. एवढ्या मोठ्या थेंबाला पिवळं काय आणि निळं काय, विखुरणं जवळपास सारखंच. रंगासाठी जादा पैसे मोजू नयेत.

या सगळ्याचा अर्थ, पावसात पुढच्या दिव्यानं रस्ता पाहण्याची अपेक्षा मर्यादितच ठेवावी लागते, आणि दुसऱ्यानं आपल्याला पाहण्याचं महत्त्व त्या मानानं वाढतं. पाहणारा कोण, हा प्रश्न इथे निर्णायक आहे. युरोपातल्या लेखनात पाहणारा गृहीत धरलेला असतो मोटारीतला, पुढच्या काचेवर वायपर फिरत असलेला. आपल्या शहरांत सायकलच्या मागून येणारा बहुधा दुचाकीवर असतो. त्याच्या हेल्मेटच्या काचेला वायपर नाही, ती आतून श्वासानं धुरकटते, बाहेरून थेंबांनी भरते. कित्येक जण शेवटी काच वर करतात आणि डोळे बारीक करून चालवतात. अशा काचेतून प्रत्येक प्रकाशबिंदूला काटे फुटतात. त्या गर्दीत टाचणीच्या टोकाएवढा तीव्र दिवा हरवतो, आणि थोडा मोठा, सौम्य, एकसारखा लाल पृष्ठभाग टिकून राहतो. दिवसा डोळा दिव्याची प्रखरता मोजत नाही, आजूबाजूशी असलेला विरोध टिपतो. भर उन्हात जमिनीवर लाखभर लक्स प्रकाश असतो. दाट ढगांखाली, पाऊस कोसळत असताना, तो हजारा-दोन हजारांवर येऊ शकतो. उन्हात जो छोटा दिवा अगदी केविलवाणा वाटतो, तोच या करड्या उजेडात चांगला उठून दिसतो. शिवाय लाल रंग ओल्या रस्त्याच्या करड्या-काळ्या पार्श्वभूमीवर दुसऱ्या कशात मिसळत नाही.

मग रिफ्लेक्टर आहेत की, असं कोणी म्हणेल. केंद्र सरकारनं 2020 मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, आणि नव्या सायकलीबरोबर पुढे, मागे, पेडलला, चाकांना चकत्या येऊ लागल्या. हे चांगलंच झालं. पण पावसात परावर्तकाची दोन अंगांनी कुचंबणा होते. पहिलं, तो स्वतः काही करत नाही. दुसऱ्याच्या दिव्याची वाट पाहतो. दुपारी तीन वाजता, धो धो पावसात, मागच्या मोटारीचे दिवे बंद असतील तर परावर्तक म्हणजे प्लास्टिकचा लाल तुकडा. आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींना इंजिन सुरू होताच दिवा लागतो, ही त्यातली जमेची बाजू. मोटारी, रिक्षा, टेम्पो, बस यांचं तसं नाही. दुसरं, पाणी काही परावर्तकांचं प्रकाशशास्त्रच बिघडवतं. चमकणाऱ्या पट्ट्यांमध्ये बहुधा काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात. उघड्या मण्यांच्या पट्टीत हवेतून आलेला प्रकाश मण्याच्या पाठीवर एकवटतो आणि आल्या वाटेनं परततो. मण्यांवर पाणी बसलं की वक्रीभवन कमी होतं, प्रकाश एकवटण्याची जागा पाठीच्या मागे सरकते आणि परत जाणारा झोत पसरून क्षीण होतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे पावसाळी रात्री गायब होतात ते याच कारणानं, आणि सुरक्षा-कपड्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात पावसातली चाचणी वेगळी ठेवावी लागली तीही यामुळेच. सायकलच्या मागची किंवा पेडलवरची प्लास्टिकची चकती या बाबतीत बरी. तिच्यातले बारीक कोन पाठीमागे, बंद हवेत असतात, त्यामुळे समोरचं पाणी फारसं बिघडवत नाही. मात्र चकतीला तडा जाऊन आत पाणी शिरलं की पाठीमागची हवा जाते, परावर्तन थांबतं, आणि चकती लाल असूनही आंधळी होते. तडकलेली चकती बदलणं हे पावसाळ्यापूर्वीचं सर्वांत स्वस्त काम. ते कोणी करत नाही.

दिव्याची बाजू मांडताना एका अडचणीच्या संशोधनाला सामोरं जायला हवं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड तंत्रविद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बंद रस्त्यावर, रात्री, प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्यांना सायकलस्वार ओळखू येतो का हे त्यांनी तपासलं. काळ्या कपड्यांतला स्वार 2 टक्के वेळा ओळखला गेला, भडक रंगाच्या जाकिटातला 15 टक्के, परावर्तक जाकिटातला 50 टक्के, आणि त्यावर घोट्याला नि गुडघ्याला परावर्तक पट्ट्या बांधल्या तेव्हा 90 टक्के. सायकलच्या दिव्यानं, तो स्थिर असो की लुकलुकता, ओळखण्यात भर पडली नाही. वर संशोधकांनी इशाराही दिला की दिवा लावणाऱ्याला आपण दिसतोच आहोत असा फाजील विश्वास वाटू शकतो. हे निष्कर्ष गंभीर आहेत आणि दिवेवाल्यांच्या पत्रकांत ते सापडत नाहीत. पण हे निष्कर्ष कोणत्या परिस्थितीतले आहेत, हेही पाहावं लागतं. प्रयोग रात्रीचा, म्हणजे गाडीचे दिवे लागलेले. तिथे परावर्तकाला त्याचा पूर्ण मान मिळतो. मोजलं गेलं ते ‘हा सायकलस्वार आहे’ हे ओळखणं, आणि पायांची वरखाली हालचाल त्याची खूण पटवते, हे उघड आहे. दिवसाच्या पावसात प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडे अडतो. ‘काय आहे’ हे ठरवण्याआधी ‘काहीतरी आहे’ हे कळावं लागतं, आणि मागच्याचे दिवे बंद असताना ते परावर्तकातून कळत नाही. शिवाय पावसात घोट्याची पट्टी चिखलानं माखते नाहीतर रेनकोटच्या विजारीखाली जाते. म्हणून वुड यांच्या प्रयोगातून मी दिवा सोडायला शिकत नाही. पेडलच्या चकत्या शाबूत ठेवाव्यात आणि दिव्यावर एकट्यावर विसंबू नये, एवढं घेतो.

दिवसाच्या दिव्याचा थेट पुरावा डेन्मार्कमधून येतो. ओडेन्से शहरात 2004-05 मध्ये 3845 सायकलस्वारांवर नियंत्रित प्रयोग झाला. त्यातल्या 1845 जणांच्या सायकलींना सतत चालू राहणारे, चाकावरच्या चुंबकांवर चालणारे दिवे बसवले; उरलेले पूर्वीसारखेच फिरले. वर्षभराच्या नोंदींत दिवेवाल्या गटात इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण 19 टक्क्यांनी कमी निघालं. यात त्रुटी आहेत. अपघात सहभागींनी स्वतःच कळवलेले होते, आणि आपल्या सायकलला दिवा आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटा दिवा देता येत नाही. फुकट दिवा मिळालेला माणूस किरकोळ पडझड कळवायला संकोचत असेल, ही शंका रास्त आहे. शिवाय ओडेन्सेत सायकलींसाठी वेगळ्या वाटा आहेत आणि तिथले चालक सायकलींना सरावलेले आहेत. म्हणून 19 हा आकडा इथे उचलून आणू नये. दिशा मात्र मोटारींच्या अनुभवाशी जुळते. स्वीडननं 1977 पासून मोटारींना दिवसाही दिवे सक्तीचे केले, पुढे इतर देश त्या वाटेनं गेले, आणि आपल्या दुचाकींचा 2017 चा नियमही त्याच विचारातला. दुचाकीही दिवसा दिवे लावून फिरत असताना रस्त्यावरचं सर्वांत हळू आणि सर्वांत नाजूक वाहन तेवढं बिनदिव्याचं ठेवायचं, याचं समर्थन मला तरी सापडत नाही.

दिवा लुकलुकता हवा की स्थिर, यावर देशादेशांत एकमत नाही. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये सायकलवर लुकलुकता दिवा चालत नाही. ब्रिटननं 2005 मध्ये तो कायदेशीर केला, मिनिटाला 60 ते 240 वेळा या मर्यादेत. लुकलुकणं लक्ष वेधतं हे खरं. पण तो दिवा किती दूर आहे आणि कोणत्या बाजूला सरकतो आहे, हे ठरवायला डोळ्याला सलग खूण लागते. ताशी पन्नास किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर कापते. दिवा अर्धा सेकंद विझलेला राहिला तर चालक सात मीटर अंधारातच येतो. पावसात त्यात वायपरची भर पडते. वायपरही मिनिटाला साधारण तितक्याच वेळा फिरतो, आणि दोन्हींचे ताल जवळजवळ जुळले तर काच स्वच्छ होते त्या क्षणी दिवा विझलेला, असं सलग काही सेकंद होऊ शकतं. पूर्ण विझणारा दिवा म्हणूनच पावसाला वाईट. स्थिर जळत राहून मधूनच उजळणारा दिवा ही त्यातली समंजस तडजोड, आणि असे दिवे आता बाजारात सर्रास मिळतात. त्यातही रात्री डोळ्यांत घुसणारे प्रखर चमकारे मागच्याच्या भिजलेल्या काचेवर पसरतात आणि आपल्यालाच झाकतात.

आता दिव्यात पाणी शिरण्याकडे येऊ. घोळ सर्वांत जास्त इथे आहे. दिव्याच्या खोक्यावर आयपीएक्स आणि पुढे एक आकडा असतो. 4 म्हणजे कोणत्याही दिशेनं उडालेल्या शिंतोड्यांना टिकेल. 5 आणि 6 म्हणजे नळीतून मारलेल्या फवाऱ्याला. 6 च्या चाचणीत मिनिटाला 100 लिटर पाण्याचा झोत मारतात. 7 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. मोठा आकडा म्हणजे सगळ्या बाबतींत सरस, असं समजून लोक 7 विकत घेतात. मात्र बुडवण्याची आणि फवाऱ्याची चाचणी या स्वतंत्र आहेत; फक्त 7 लिहिलेला दिवा फवाऱ्याला टिकेल याची हमी त्या आकड्यात नसते, त्यासाठी दोन्ही आकडे छापलेले असावे लागतात. याहून महत्त्वाचं हे की चाचणी नव्या कोऱ्या दिव्याची, गोड्या पाण्यात आणि दिवा नि पाणी यांच्या तापमानात फारसा फरक न ठेवता होते. सायकलवर तिन्ही गोष्टी उलट घडतात. दिवा खड्ड्यांतून महिनोन्‌महिने हादरलेला असतो, रबराचं झाकण शंभरदा उघडलेलं असतं, आणि किनारपट्टीवर हवेतच मीठ असतं. तापमानाचं तर नीट गणितच करून पाहण्यासारखं आहे. पुढचा दिवा चालू राहून आतली हवा पन्नास अंशांवर गेली, आणि अचानक आलेल्या सरीनं तो पंचवीसपर्यंत उतरला, तर बंद कोठीतल्या हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी घटतो. हा फरक सुमारे ऐंशी सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. म्हणजे हँडलवर बसलेल्या दिव्याच्या रबरी कडेला आपण जवळजवळ कमरेएवढ्या पाण्यात बुडालो आहोत असं वाटतं, आणि ती कुठे थकलेली असेल तिथून बाहेरचा थेंब आत ओढला जातो. रोज ऊन-पाऊस, रोज थोडा थोडा घोट. ‘पावसात नाही, नंतर दोन दिवसांनी बंद पडला’ ही तक्रार बहुधा इथून येते. काचेच्या आत वाफ धरलेली दिसली की दिवा उघडून वाळवावा, आणि चार्जिंगचं भोक ओलं असताना वायर कधी जोडू नये. तिथला विद्युतप्रवाह ओल्या संपर्कपट्ट्या भराभर खातो. भोकाचं तोंड खालच्या बाजूला येईल असा दिवा लावणं फुकट आहे आणि पुष्कळ उपयोगी आहे.

वीज कुठून आणायची, हा प्रश्न जुन्या सायकलवाल्यांना जास्त छळत असे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कार्बाइडच्या दिव्याची गंमत अशी की त्यात पाण्याचे थेंब कॅल्शियम कार्बाइडवर पडून गॅस तयार होई. पाण्याशिवाय तो पेटतच नसे, फक्त ते पाणी आतल्या टाकीतलं हवं. पुढे बाटलीच्या आकाराचा डायनामो आला. तो टायरच्या बाजूला घासून फिरतो, आणि टायर ओला झाला की घसरतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी दिवा मिणमिणतो. चाकाच्या तुंब्यातला डायनामो या दोषापासून मुक्त. स्टर्मी-आर्चरनं 1936 मध्येच तो बाजारात आणला होता, पण आपल्याकडे तो कधी रुजला नाही. जर्मनीनं 2013 पर्यंत सायकलला डायनामो सक्तीचा ठेवला आणि मगच बॅटरीचे दिवे चालवून घेतले. हट्ट वाटेल, पण त्यामागचा विचार मला पटतो: जो दिवा सायकलचाच भाग आहे तो विसरला जात नाही, चार्ज करायचा राहत नाही. एलईडीला आता इतकी कमी वीज लागते की मागच्या दिव्यापुरतं ओडेन्सेसारखं घर्षणाविना चालणारं चुंबकी यंत्रही पुरतं. सेलवाला दिवाही चालतो. पावसाळ्याअखेर सेल काढून ठेवले नाहीत तर ते आत गळतात, एवढंच.

दिवा कितीही चांगला असो, तो झाकला गेला तर व्यर्थ, आणि आपल्याकडे तो झाकला जाण्याची पूर्ण व्यवस्था असते. बाजारातले बहुतेक मागचे दिवे सीटखालच्या दांड्यासाठी बनवलेले आहेत. तिकडच्या सायकलस्वाराच्या अंगाला चिकटलेल्या आखूड जाकिटाचा तो हिशेब. आपला माणूस पावसात गुडघ्यापर्यंतचा सैल रेनकोट घालतो, पोंचो पांघरतो, नाहीतर प्लास्टिकचा कागद डोक्यावरून सोडतो. तो मागे सीटवरून लोंबतो आणि दिव्यावर पडदा टाकतो. पुढच्या बाजूला पोंचो हँडलवर अंथरलेला असतो, म्हणजे तोही दिवा गेला. त्यातून कॅरिअर म्हणजे आपल्या सायकलचं पोट: पेपरचे गठ्ठे, दुधाच्या किटल्या, सिलिंडर, भाजीची पोती, वर निळं प्लास्टिक बांधलेलं. सीटखालचा दिवा या सगळ्यामागून दिसण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे आपल्यासाठी योग्य जागा एकच, मागच्या मडगार्डचा खालचा उतार किंवा कॅरिअरची मागची कड. जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डला खाली पांढरा पट्टा रंगवलेला असे आणि त्यावर लाल चकती. त्या कारागिरांना जागेची अक्कल होती. एक तोटा सांगायला हवा: मडगार्ड आखूड असेल किंवा नसेलच, तर चाकाचा चिखल थेट दिव्यावर उडतो. गिअरच्या नव्या सायकली बिनमडगार्डच्या विकल्या जातात हा पावसाळी देशातला विनोदच आहे. दिवा दिवसातून एकदा बोटानं पुसणं, एवढी देखभाल कोणालाही जमते.

या साऱ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप तांत्रिक नाही, नैतिक आहे. सायकलस्वाराला दिवसाही दिवा लावायला सांगणं म्हणजे दोष त्याच्या गळ्यात बांधणं, असं सायकल चळवळीतले लोक म्हणतात. आज दिव्याची सूचना, उद्या सक्ती, परवा अपघातानंतर विमा कंपनीचा वकील विचारणार की दिवा होता का. दिसेल तेवढ्याच वेगानं गाडी चालवणं ही चालकाची जबाबदारी आहे, आणि ती पावसात वाढते, कमी होत नाही. हा आक्षेप मी अर्ध्याहून जास्त मान्य करतो. म्हणूनच दंड आणि हवा सोडण्याचा जुना मार्ग मला नको आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला पावसात थांबवून दिव्यासाठी पावती फाडणं हा नियम नव्हे, छळ आहे. पण जबाबदारी कोणाची हे ठरल्यानं डोळ्याला दिसणारं बदलत नाही. रस्ते दुरुस्त होईपर्यंत, वेग आटोक्यात येईपर्यंत, माणसं उद्या सकाळीही सायकलवरून जाणारच आहेत. चढाओढीची भीतीही बोलून दाखवली जाते: सगळ्यांनी दिवे लावले की कोणाचाच दिसणार नाही. पांढऱ्या दिव्यांबद्दल हे काहीसं खरं आहे. मागचा सौम्य लाल दिवा या चढाओढीत सापडत नाही, कारण त्याला शेजाऱ्यापेक्षा प्रखर व्हायचंच नसतं. राहिली किंमत आणि चोरी. दोन-तीनशे रुपयांचा दिवाही पेपर टाकणाऱ्या मुलाला महाग असतो, आणि स्टँडवर लावलेल्या सायकलीवरून तो सहज काढून नेता येतो. या दोन्ही अडचणींना उत्तर एकच: दिवा सायकलीबरोबर, कारखान्यातच, बोल्टनं पक्का बसवून यावा.

इथे नियमांची पोकळी दिसते. सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम तिला लागू नाहीत. त्या नियमांत दिव्यांसाठी सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासाबरोबर ‘पुरेसा उजेड नसेल तेव्हा केव्हाही’ अशा आशयाची अट आहे. जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये सायकललाही अशीच दृश्यमानतेची अट लागते. महाराष्ट्रात रस्त्यावरच्या वाहनांना किती दिवे, कुठे आणि कोणत्या वेळी हवेत हे ठरवण्याचा अधिकार 1951 च्या पोलीस अधिनियमाच्या 33 व्या कलमानं पोलीस आयुक्त आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना दिला आहे, आणि तिथे वेळेची कल्पना अजून घड्याळाचीच आहे. त्या तासांमध्ये पावसाचे चार महिने घालणं कागदावर सोपं आहे, पण वर म्हटल्याप्रमाणे त्याचा भार चालवणाऱ्यावर पडेल. परावर्तकांच्या आदेशानं वाट दाखवलेली आहेच: सक्ती विकणाऱ्यावर, वापरणाऱ्यावर नाही. त्याच आदेशाच्या धर्तीवर कॅरिअर असलेल्या प्रत्येक नव्या सायकलीला मागच्या कडेवर स्थिर लाल दिवा असावा असं ठरवता येईल. त्यासाठी मानक लिहिताना चाचणीचा क्रम मात्र बदलावा लागेल. आधी दिवा काही तास हादरवायचा, त्याचं झाकण शेकडो वेळा उघडून मिटायचं, मग चालू ठेवून तापवायचा, आणि गरम असतानाच त्यावर थंड पाणी मारायचं. कोकणासाठी पाण्यात मीठही घालायचं. शेवटी काच वाळवून आत वाफ धरली आहे का ते चोवीस तासांनी पाहायचं, कारण दिव्याचा निकाल पाऊस थांबल्यानंतरच लागतो.